हौदातून काढलेली मालन

वर्षाराणी चिडली की आमच्या अख्ख्या मजल्याला कळतं. तिचं दार माझ्या दारासमोर. मी दारातच शिलाईची मशीन मांडून बसते, त्यामुळे तिच्या घरातलं बोलणं कान न देताही ऐकू येतं. टँकर मागच्या बिल्डिंगला आधी गेला, जिन्यात कुणी गुटखा थुंकला, भाजीवाल्यानं चांगल्याखाली सडके टोमॅटो घातले, की तिचा आवाज चढलाच. लोक तिला भांडखोर म्हणतात. बोईसरजवळच्या ह्या सरावली गावात इतकी वर्षं शेजारात काढल्यावर मला मात्र वाटतं, ती ज्यावरून चिडते ते बहुतेक वेळा चिडण्यासारखंच असतं. बाकीच्यांच्या ते अंगवळणी पडलेलं असतं, एवढंच.

ती मूळची परभणीकडची, जिंतूरच्या बाजूची. लग्न होऊन बोईसरला आली. नवरा कैलास स्टीलच्या कारखान्यात क्रेन चालवतो. सासरे वारले, सासू रंभाबाई, त्याही मूळच्या जिंतूरकडच्याच, घरात असतात. वर्षाराणी त्यांना मामी म्हणते. मुलगी उत्कर्षा कॉलेजात जाते. वर्षाराणी स्वतः औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ठेकेदाराकडून पॅकिंगला होती. कापड रंगवायची पूड पिशव्यांत भरायची, तोंडं शिवायची, थप्पी लावायची. घरी येऊन नाक शिंकरलं की रुमाल गुलाबी व्हायचा. त्यावरूनही ती चिडायची, पण काम सोडायची नाही. काम तिला आवडायचं असंही नाही. घरात दोन पगार लागत होते.

पॅकिंगच्या शेडमागे एक हौद होता. मशीन आणि फरशी धुतलेलं पाणी त्यात साचायचं. त्यावरचं सिमेंटचं झाकण कधीतरी ट्रकखाली फुटलं आणि तिथे एक प्लायवूडची फळी टाकून ठेवलेली. त्या फळीवरून जाताना दामू नावाचा एक वयस्क मदतनीस घसरला. त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि पुढे त्या पायाची कातडी सोलवटून निघाली. ठेकेदारानं पट्टी बांधून त्याला घरी पाठवलं, बरा झालास की ये म्हणाला, आणि नंतर त्याचा फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून वर्षाराणीनं सुपरवायझरचा पिच्छा पुरवला होता. केदार त्याचं नाव. झाकण कधी बसणार, असं ती त्याला येता-जाता विचारायची. वर कळवलंय, असं तो मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगायचा.

त्या कारखान्यात कँटीनच्या आसपास एक पांढरी मांजर असायची. कुणाची नव्हती. उरलेला भात, मासळीचे काटे यांवर जगायची. एके सकाळी चहाची सुट्टी संपवून वर्षाराणी शेडकडे परतली, तर मागच्या बाजूला ही गर्दी. हसण्याचे आवाज. ती माणसं बाजूला सारत पुढे गेली. मांजर हौदात पडली होती. आतल्या पाइपला पुढच्या दोन पंज्यांनी धरून लटकत होती, तोंड तेवढं पाण्याबाहेर. तेही गुलाबी झालेलं. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. नुसता जबडा उघडायचा.

"रंग पक्का है, धुलेगा नहीं," कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा पिकला. केदार सगळ्यांत पुढे उभा राहून व्हिडिओ काढत होता.

नंतर मला हे सांगताना वर्षाराणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. त्यातला एकही माणूस हात घालत नव्हता, कारण ते पाणी काय आहे ते प्रत्येकाला माहीत होतं. माहीत होतं, म्हणून हात घालत नव्हते. आणि माहीत असूनही हसत होते.

तिनं एक रिकामी गोणी उचलली, पालथी पडून आत सोडली. मांजरीनं पाइप सोडून गोणीला नखं रोवली, तशी हिनं गोणीसकट ती ओढून घेतली. बाहेर आल्याआल्या मांजरीनं तिचं मनगट फाडलं. केदारचा मोबाइल अजून चालूच होता.

"दामूचा पाय आत गेला तव्हाबी असंच शूटिंग केलं असतं का रे?" तिनं विचारलं.

हशा थांबला. केदार म्हणाला, तुम्ही आधी कामावर चला, ते मांजर वॉचमन बघेल. ती त्याच्याकडे न बघता डोळे धुवायच्या नळाकडे गेली. तो नळ खास अशा वेळेसाठीच बसवलेला असतो. त्याला पाणी नव्हतं. मग कँटीनच्या नळाखाली तिनं मांजर धुतली, आपल्या ओढणीत गुंडाळली आणि एप्रन, मास्क तसाच अंगावर ठेवून गेटबाहेर पडली. वॉचमन पास मागत मागे आला. ती थांबली नाही.

दोन रिक्षावाल्यांनी सीट खराब होईल म्हणून नेलं नाही. तिसऱ्यानं नेलं. बोईसरचे जनावरांचे डॉक्टर गुरांना लस द्यायला खेड्यांवर गेलेले. त्यांच्या मदतनिसानं पालघरजवळच्या एका मुलीचा नंबर दिला आणि म्हणाला, ती करील काहीतरी. वर्षाराणी त्याच रिक्षातून पुढे गेली. मांजर मांडीवर थरथरत होती, मध्येच फेसाळ ओकत होती. वर्षाराणी रस्ताभर बोलत होती. मांजरीशी नव्हे. केदारला, ठेकेदाराला, त्या कारखान्याच्या न पाहिलेल्या मालकाला शिव्या घालत होती. रिक्षावाल्यानं आरसा फिरवून घेतला म्हणे.

ती मुलगी म्हणजे दिशा. तिचे वडील शांताराम यांची नारळ-चिकूची वाडी आहे. वाडीच्या टोकाला पूर्वी चिकूच्या करंड्या ठेवायच्या त्या पडवीत दिशा जखमी कुत्री-मांजरं ठेवते. एक डॉक्टर येऊन बघून जातात. दिशानं ओढणी उघडली, आत बघितलं आणि तिच्या तोंडून जी शिवी निघाली, ती ऐकून वर्षाराणीला पहिल्यांदा जरा श्वास घेता आला. सकाळपासून तिच्याइतकं चिडलेलं दुसरं माणूस तिला भेटलंच नव्हतं.

दोघींनी मिळून मांजर भांड्यांच्या साबणानं पुन्हा पुन्हा धुतली. दिशा म्हणाली, मांजर अंग चाटून साफ करते, आणि ह्या रंगाचा एक थेंब पोटात जाणं म्हणजे विष. गळ्यात प्लास्टिकची कॉलर अडकवली, डॉक्टरांनी येऊन सलाईन लावलं. तोंडाच्या आत भाजलं होतं, एका डोळ्याला सूज होती. रंग मात्र तसाच राहिला. जगली तर नवे केस पांढरे येतील, असं डॉक्टर म्हणाले.

वर्षाराणी घरी आली तोवर व्हिडिओ तिच्याआधी सरावलीत पोहोचला होता. त्याला कुणीतरी लग्नातलं गाणं लावलं होतं. आमच्या बिल्डिंगमधली पोरं जिन्यात तो बघून लोळत होती. मोठी माणसंही बघत होती, हसणारी तोंडं पाठवत होती. शेवटी शेवटी त्यात वर्षाराणी दिसायची, गोणी ओढताना, तोंड उघडं, केस सुटलेले. कैलासला त्याच्या कारखान्यात कुणीतरी ते दाखवून, वहिनी फेमस झाल्या, म्हणालं होतं. घरी येऊन तो तिला म्हणाला, एवढी माणसं उभी होती तर तूच कशाला मध्ये पडलीस. मग जे भांडण झालं ते मी इथे लिहीत नाही. त्यानंतर कैलासनं हा प्रश्न तिला कधी विचारला नाही, एवढं सांगते.

दुसऱ्या दिवशी गेटवर तिला आत घेतलं नाही. पाळी अर्धवट सोडून गेली, म्हणून ठेकेदारानं नाव काढलं होतं. ती गेटसमोर उभी राहून जे बोलली ते आतल्या ऑफिसपर्यंत ऐकू गेलं असणार. दार काही उघडलं नाही.

पण व्हिडिओत मागे कारखान्याची पाटी दिसत होती, हे हसण्याच्या नादात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. वरच्या कुणा साहेबाच्या ते ध्यानात आलं. व्हिडिओ गायब झाला आणि आठवडाभरात केदार पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्या मजल्यावर हजर झाला. मी मशीनवर ब्लाऊजची बाही लावत होते, ती तशीच राहिली.

दारातूनच तो गोड बोलायला लागला. ताई, झालं गेलं विसरून जा, पुन्हा कामावर या, फक्त बाहेर कुणी विचारलं तर मांजर आमच्या आवारातली नव्हती एवढं म्हणा. कुठूनतरी रंगून आली होती.

"झाकण बसवलं का?" वर्षाराणीनं विचारलं.

काम चालू आहे, असं तो म्हणाला.

"आणि दामूचं?"

केदारनं पेढे तिच्या हातात दिले. वर्षाराणीनं पेढ्यांचा बॉक्स त्याच्या हातात परत दिला. फेकला नाही, ओरडली नाही. "माझा आवाज चढला की लोक म्हणतात बाई भांडकुदळ हाय," ती म्हणाली, "म्हणून हळू सांगते. झाकण बसल्याबिगर ह्या दारात पाऊल ठेवू नकोस." तिला इतकं हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मांजर जगली. दिशाचा फोन आला की आता तिला घर बघायला हवं, कँटीनकडे परत सोडता येणार नाही. वर्षाराणी लगेच पिशवी घेऊन निघाली. मला वाटलं होतं, जाईल आणि घेऊन येईल. तर तिथं दिशानं तिला समोर बसवलं आणि चौकशी सुरू केली. घर कितव्या मजल्यावर, गॅलरीला जाळी आहे का, दिवसा घरी कोण असतं, गावी जाताना मांजर कुठे ठेवणार, घरातल्या सगळ्यांना चालणार आहे का.

वर्षाराणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्या हौदातून काढली तिला. नोकरी गेली माझी. आणि मलाच परीक्षा?"

"ताई, काढणं एक, सांभाळणं दुसरं," दिशा म्हणाली. तीही तापलेलीच होती. "तुमी रागात घेऊन जाल, आनी राग उतरला का आनून टाकाल. माज्याकडं अशी चार परत आलीत. एक सोफा फाडला म्हनून, एक घरात पोरगी झाली म्हनून. मी कोनालाच असं देत नाय."

"माझा राग उतरत नाही," वर्षाराणी म्हणाली. ते तिनं अगदी सरळ, माहिती द्यावी तसं सांगितलं. दिशा हसली. पण जाळी लागल्याशिवाय मांजर दिली नाही ती नाहीच. आणि रंभाबाईंशी फोनवर बोलल्याशिवायही नाही. रंभाबाई फोनवर म्हणाल्या, मला इचारून ह्या घरात काय होतंय, आना. मग कैलासनं सुट्टीच्या दिवशी गॅलरीला जाळी ठोकली आणि मांजर आली.

मान आणि कान धुऊन धुऊन फिकट गुलाबी, पाठ गडद, आणि मुळाशी नव्या केसांची पांढरी रेघ. उत्कर्षा म्हणाली, हिचं नाव पिंकी ठेवू. वर्षाराणी तिच्यावर अशी काही उसळली की पोरगी रडकुंडीला आली. जे हिच्यावर ओतलं तेच नाव म्हणून लावायचं का, असं तिचं म्हणणं. मग तिनं आपल्या मावशीचं नाव ठेवलं, मालन. ही मावशी म्हणे नवऱ्याशी भांडून दहा गावं चालत माहेरी आली होती आणि परत गेली नव्हती.

मालन खोक्यातून बाहेर पडली ती स्वयंपाकघरात ओट्याखाली, गव्हाच्या पत्र्याच्या डब्यामागे शिरली आणि तिथेच राहिली. दूध ठेवलं, शिवली नाही. सुक्या मासळीचा तुकडा ठेवला, घरात माणसं असेपर्यंत तसाच. हात घातला की फिस्कारायची. वर्षाराणीला हे फार लागलं. ती डब्यासमोर वाकून मालनलाच बोलायची. तुझ्यासाठी मी काय काय केलं, आणि तू मलाच नख दाखवतीस? मग ताट आपटायची, दार आपटायची. मालन आणखी आत सरकायची.

तिनं दिशाला फोन करून तक्रार केली. दिशा म्हणाली, ताई, तिला ओढू नका, टक लावून बघू नका, तिच्याजवळ नुसतं काहीतरी करत बसा. गप्प बसा. शी-शूसाठी मातीचं टोपलं जवळ ठेवा, जागा बदलू नका. आनी घरात आवाज करू नका.

शेवटची अट आमच्या वर्षाराणीला! पण तिनं ती पाळली. घरात बोलायचं नाही म्हणून ती चिडली की बाहेर यायची, जिन्याच्या कठड्यापाशी उभी राहून जे काय असेल ते मला सांगायची, मोकळी व्हायची आणि आत जायची. त्या दिवसांत माझं शिवण फार मागे पडलं. ठेकेदार इतर ठिकाणी तिच्याबद्दल सांगत फिरत होता, ही बाई त्रासाची आहे. जिथे जाईल तिथे जागा नाही. ते सगळं तिनं कठड्यापाशी काढलं. आत गेली की ओट्यासमोर बसून लसूण सोलायची, डाळ निवडायची, भिंतीकडे तोंड करून.

आणि मालन बाहेर आली ती रंभाबाईंकडे.

म्हातारी दुपारी जमिनीवर आडवी व्हायची, पाय दुखतात म्हणून पायांवर गोधडी घ्यायची. एका दुपारी वर्षाराणी रेशन घेऊन आली, तर गोधडीत रंभाबाईंच्या पोटऱ्यांमध्ये मालन गाढ झोपलेली. रंभाबाई हलायला तयार नाहीत. हळू, उठंल ती, म्हणाल्या. ज्या बाईंनी मांजर शिवेल म्हणून आपली पाण्याची घागर वेगळी केली होती, त्या ह्या. वर्षाराणी पिशव्या खाली न ठेवता तशीच माझ्या दारात आली. डोळे भरलेले होते, पण ते दुःखानं की संतापानं मला सांगता यायचं नाही. नोकरी माझी गेली, मनगट माझं फाटलं, म्हणाली, आणि हिला मामी आवडली.

मी म्हटलं, अगं, त्या दिवसभर एका जागी असतात, ओरडत नाहीत. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्या रिकाम्या दोन दिवसांत तिनं एक काम केलं. दामूला शोधून काढलं. तो समुद्रकाठच्या दांडी गावात बहिणीकडे राहायला गेला होता, मासेमारीची जाळी दुरुस्त करून देत बसायचा. पाय अजून काळाच होता, बूट घालता येत नव्हता. तिनं त्याला रिक्षात घातलं आणि पालघरला कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात नेलं. दिशा तिथे येऊन थांबली होती. व्हिडिओ केदारनं काढून टाकला होता, पण हसणाऱ्या पोरांपैकी कित्येकांच्या मोबाइलमध्ये तो तसाच होता. त्यातलाच एक दिशानं मिळवला होता. तिथल्या साहेबांनी तो बघितला. ते हसले नाहीत, हे वर्षाराणीनं मुद्दाम सांगितलं. त्यांनी विचारलं, बाई, तक्रार नेमकी कशाची, मांजरीची का माणसाची?

"हौद एकच हाय, साहेब," ती म्हणाली.

पुढे पाहणी झाली. त्या हौदावर नवं लोखंडी झाकण बसलं, डोळे धुवायच्या नळाला पाणी आलं. केदारची बदली दुसऱ्या शेडला झाली, म्हणजे काहीच झालं नाही. दामूचं प्रकरण कामगारांच्या कोर्टात आहे, तारखा पडतात. ठेकेदार म्हणतो, हा माणूस माझ्याकडे कधी नव्हताच. प्रत्येक तारखेहून आली की वर्षाराणी कठड्यापाशी उभी राहते. मी मशीन थांबवते.

आता ती पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका लहान कारखान्यात जाते. रुमाल पांढरा राहतो. मालन अंगानं भरली आहे, पांढरी झाली आहे, एका डोळ्यानं कमी दिसतं तिला, म्हणून उडी मारताना कधी चुकते. वर्षाराणीजवळ येते, खाऊन जाते, पाठीवरून हात फिरवून घेते. झोपते म्हातारीपाशीच.

गेल्या महिन्यात रंभाबाई भाच्याच्या लग्नाला जिंतूरला गेल्या. मालन उंबऱ्यात बसून राहिली. खाणं सोडलं, दाराकडे बघत ओरडायची. वर्षाराणीनं अंडं उकडून दिलं, बोंबील भाजून दिला. नाही. संध्याकाळी मला तिचा चढलेला आवाज ऐकू आला. ती जिंतूरला फोन लावून रंभाबाईंना फैलावर घेत होती, मामी, तुमी मांजरीला असं कसं लावून घेतलं, आता ही इथं उपाशी बसायली, तुमाला लग्नात जेवण कसं जातंय. मग फोन जमिनीवर मालनच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, बोला तिच्याशी.

फोनमधून सनईच्या गोंगाटात म्हातारीचा आवाज येत राहिला, खा गं बाय, खा. मालननं फोनला नाक लावलं, आजूबाजूला बघितलं, आणि थोड्या वेळानं अंड्याच्या बशीकडे वळली. वर्षाराणी भिंतीला टेकून बसली होती. ती चिडलेलीच होती. पण मालनचं खाणं होईपर्यंत तिनं फोन बंद केला नाही.